धुराच्या वाटेनं येणारं पाणी

स्पीडबोटीचं इंजिन जोरदार करायचं मनात आलं की पहिला दिवस एका साध्या कामाला द्या. इंजिन थंड असताना आठही स्पार्क प्लग काढा आणि काढले त्याच क्रमानं एका फळीवर मांडून ठेवा. टोकं फिकट तपकिरी असतील तर ठीक. एखाद्या टोकावर तांबूस गंज दिसला, किंवा एखादा प्लग बाकीच्यांच्या मानानं फारच धुतल्यासारखा लख्ख दिसला, तर नव्या कॅमशाफ्टचा आणि मोठ्या कार्ब्युरेटरचा विचार तिथंच थांबवा. त्या सिलिंडरमध्ये पाणी येतंय. हेड गॅस्केट फुटून पाणी येऊ शकतं, नाही असं नाही. पण खाऱ्या पाण्यातल्या बोटींमध्ये ते बहुतेक वेळा येतं एक्झॉस्टमधून, म्हणजे ज्या वाटेनं धूर बाहेर जायचा त्याच वाटेनं उलटं आत.

हा लेख पेट्रोलवर चालणाऱ्या व्ही-८ इंजिनाच्या आणि मागे स्टर्नड्राइव्ह असलेल्या बोटींविषयी आहे. इंजिन बोटीच्या आत आणि पंखा बाहेर पायावर, ही रचना व्हॉल्व्हो पेंटानं १९५९ साली आणि मर्क्रूझरनं १९६१ साली बाजारात आणली. ७.४ लिटरचं ४५४ आणि ८.२ लिटरचं ५०२ ही त्या घराण्यातली गाजलेली इंजिनं. दोन्ही मुळात शेवरोलेची, समुद्रासाठी बदललेली. अमेरिकेतल्या तलावांवर आणि फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर ती हजारोंनी चालतात. आपल्याकडे गेटवे ते मांडवा ये-जा करणाऱ्या खासगी बोटींत आणि गोव्यात थोडी दिसतात. आउटबोर्डवाल्यांचा एक्झॉस्ट पायाच्या आतूनच जातो, त्यामुळे इथली बरीच चर्चा त्यांच्यासाठी नाही. पण इंधनाचा आणि पावसाळ्याचा भाग त्यांनीही वाचावा.

मोटारीचं इंजिन आणि बोटीचं इंजिन यांत ब्लॉक तोच असला तरी आयुष्य निराळं असतं. महामार्गावर एका वेगानं धावणारी मोटार आपल्या ताकदीचा थोडाच भाग वापरते. बोट पाण्यावर उचलली गेली की ती कायम घाट चढत असते. उतार कधी येतच नाही. म्हणून मोटारीत वर्षानुवर्षं निभावणारी छोटी चूक बोटीत एका हंगामात इंजिन खाते.

आता एक्झॉस्ट. मोटारीत धुराचा पाइप उघड्या हवेत थंड होतो. बोटीत इंजिन बंद पेटीत असतं, आजूबाजूला फायबरग्लास आणि पेट्रोल. तिथं शेकडो अंशांचा उघडा पाइप ठेवणं म्हणजे आगीला आमंत्रण. म्हणून सिलिंडरांमधला धूर गोळा करणारा मॅनिफोल्ड दुहेरी भिंतीचा असतो. आतल्या पोकळीतून धूर आणि भोवतीच्या कप्प्यातून पाणी. मॅनिफोल्डच्या डोक्यावर रायझर बसतो. तो धुराला आधी वर नेतो, मग खाली वळवतो, आणि वळणानंतर थंडाव्याचं पाणी धुरात सोडून देतो. तिथून पुढे धूर आणि पाणी एकत्रच रबरी नळीतून बाहेर पडतात. एवढं डोळ्यांसमोर आणलं की लक्षात येतं, की समुद्राचं पाणी आणि तुमचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह यांच्यामध्ये आहे फक्त बिडाची एक भिंत, एक गॅस्केट आणि काही इंचांची उंची. या तिघांपैकी एक हरलं की पाणी सिलिंडरमध्ये.

भिंत हरते गंजानं. एका बाजूनं तापलेला धूर, दुसऱ्या बाजूनं खारं पाणी. अशा जागी बीड झिजणारच. खाऱ्या पाण्यात थेट समुद्राच्या पाण्यानं थंड होणाऱ्या मॅनिफोल्ड आणि रायझरचं आयुष्य साधारण तीन ते पाच वर्षं धरावं. ‘माझं इंजिन बंद कूलिंगचं आहे, हीट एक्स्चेंजर आहे, मला काळजी नाही,’ असं म्हणणारे मालक मला नेहमी भेटतात. त्यांनी पाइप नीट तपासावेत. बऱ्याच इंजिनांमध्ये बंद कूलिंग फक्त ब्लॉकला असतं, मॅनिफोल्डमधून खारं पाणीच फिरतं. आणि मॅनिफोल्डही बंद चक्रात असले तरी रायझरमध्ये समुद्राचं पाणी येतंच, कारण शेवटी तेच बाहेर टाकायचं असतं.

गॅस्केट हरतं ते मॅनिफोल्ड आणि रायझरच्या सांध्यावर. जुन्या रचनेत त्या एकाच सांध्यातून धूरही जातो आणि पाणीही. मधली गॅस्केटची पट्टी कुजली की पाणी सरळ धुराच्या पोकळीत उतरतं आणि इंजिन बंद असताना शांतपणे व्हॉल्व्हवर टपकत राहतं. नव्या रचनेत पाण्याची वाट या सांध्याच्या बाहेरून काढतात, त्याला ड्राय जॉइंट म्हणतात. मॅनिफोल्ड बदलायचेच असतील तर थोडे जास्त पैसे देऊन हीच रचना घ्या. या लेखातल्या सगळ्या खर्चांत मला हा सर्वांत वाजवी वाटतो.

उंची हरते ती बोट जड झाल्यावर. रायझरचं सर्वांत उंच वळण पाण्याच्या रेषेपेक्षा पुरेसं वर असावं लागतं. साधारण एक फूट तरी असावं, आणि नेमका आकडा इंजिनाच्या माहितीपुस्तकात असतो. मोजायचं ते टाकी भरलेली आणि माणसं बसलेली असताना. मागच्या फळीवर जेट स्कीचा स्टँड, दोन जादा बॅटऱ्या, बर्फाची पेटी असं वाढत गेलं की बोट मागून बसते आणि ही उंची कुणाच्या लक्षात न येता कमी होते. अशा वेळी मधला ठोकळा घालून रायझर उंच करता येतो. आणखी एक सवय लावून घ्या. भरधाव बोटीचा थ्रॉटल एकदम खाली ओढू नका. मागून येणारी स्वतःचीच लाट एक्झॉस्टच्या तोंडात चढते. तिला अडवायला आत रबरी झडपा असतात. त्या जळून, फाटून पडलेल्या असतात आणि मालकाला ठाऊकही नसतं. दर वर्षी नळी सोडून झडपा बोटानं हलवून बघा.

तपासणी अवघड नाही. बोट मध्यम वेगावर पंधरा मिनिटं चालवा आणि इन्फ्रारेड थर्मामीटर दोन्ही रायझरवर ठिकठिकाणी धरा. डावा-उजवा फरक मोठा असेल, किंवा एकाच रायझरवर एखादी जागा उठून गरम असेल, तर आत गंजाचे पोपडे किंवा मीठ साचून पाण्याची वाट बुजली आहे. थर्मामीटर नसेल तर हात आहे. चांगल्या रायझरवर तळहात टेकवता येतो. पण वरून थंड लागणारा रायझरही आतून पातळ झालेला असू शकतो. म्हणून खाऱ्या पाण्यातल्या बोटीचे रायझर तिसऱ्या वर्षापासून दर वर्षी एकदा सोडून आत बघा. धुराच्या बाजूला ओली गंजाची रेघ दिसली तर नवे घ्या. वेल्डिंग करून वेळ मारून नेणारे कारागीर भेटतील. बिडाच्या पातळ भिंतीवर ते टिकत नाही, आणि एका रायझरचे पैसे वाचवायच्या नादात पूर्ण इंजिन जातं.

जोडताना दोन गोष्टी सांभाळा. मॅनिफोल्ड-रायझरमधली गॅस्केटं सारखी दिसली तरी सारखी नसतात. काहींची पाण्याची भोकं पूर्ण उघडी असतात, काहींची मुद्दाम लहान ठेवलेली, आणि कुठली कुठे हे कूलिंगच्या प्रकारावर ठरतं. जुनी काढताना मोबाइलवर फोटो काढून ठेवा. आणि सिलिकॉन फासू नका. जास्तीचा लगदा आत सुटतो आणि पाण्याच्या भोकात जाऊन बसतो. बोल्ट टॉर्क रेंचनंच आवळा आणि पहिल्या फेरीनंतर इंजिन थंड झालं की पुन्हा तपासा.

आता ताकद वाढवण्याकडे वळू, कारण वाचक मुख्यतः त्याच्यासाठीच थांबलाय.

पहिल्यांदा हिशेब. पाण्यावर उचलून पळणाऱ्या बोटीचा वेग ताकदीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो. बोटीचा वेग काढायच्या क्राउच यांच्या जुन्या सूत्राचा हाच गाभा आहे. समजा, तुमची बोट ४०० अश्वशक्तीवर ५० नॉट पळते. ५० अश्वशक्ती वाढवल्या तर वेग होईल ५३ नॉट. नुसते हलके, मोकळे एक्झॉस्ट बसवून २० अश्वशक्ती मिळाल्या असं धरलं तर ५१ च्या थोडं वर. हे आकडे कागदावर लिहून खर्चाच्या आकड्याशेजारी ठेवा. मग ठरवा.

या हिशेबामुळेच मी पहिला सल्ला पंख्याचा देतो. पूर्ण थ्रॉटलला इंजिन किती फेरे घेतं ते नेहमीच्या वजनासह मोजा. ५०२ मॅग्नमसाठी कंपनीची मर्यादा ४६०० ते ५००० फेऱ्यांची आहे. त्याखाली अडकत असेल तर पंख्याची पिच जास्त आहे आणि इंजिन गुदमरतंय. पिच एक इंचानं कमी केली की साधारण १५० ते २०० फेरे वाढतात. मर्यादेच्या वर जात असेल तर पिच वाढवायला जागा आहे. वाकलेला, कडा खाल्लेला पंखा सरळ करून घेतला आणि तळाला चिकटलेली शिंपलं-शेवाळ खरवडून काढली, एवढ्यानं गेलेला वेग परत मिळालेल्या बोटी मी पाहिल्या आहेत.

इतकं करूनही ताकद हवीच असेल तर कॉम्प्रेशन मोजा. सगळे सिलिंडर एकमेकांच्या दहा टक्क्यांच्या आत असतील तर पुढे चला. नसतील तर आधी इंजिन उघडून दुरुस्ती. थकलेल्या इंजिनावर नवे सुटे भाग चढवले की ते लवकर मोडतं, एवढाच फरक पडतो.

आणि इथं येतो कॅमशाफ्ट. हाच मुद्दा मला सर्वांत कळकळीनं सांगायचा आहे. जोरदार कॅमशाफ्टमध्ये इनटेक आणि एक्झॉस्ट दोन्ही व्हॉल्व्ह एकाच वेळी उघडे राहण्याचा काळ वाढवलेला असतो. वरच्या फेऱ्यांवर त्याचा फायदा होतो. पण इंजिन आयडलवर असताना इनटेककडची ओढ त्या उघड्या वाटेनं एक्झॉस्टमधला वायू मागे खेचते. मोटारीत मागे येतो तो नुसता धूर. बोटीत त्या धुरात पाणी मिसळलेलं असतं, म्हणून धुराबरोबर पाण्याचा तुषारही आत येतो. याला रिव्हर्शन म्हणतात. अलिबागजवळ एका शेडमध्ये असं एक इंजिन उघडलेलं मी पाहिलं. मोटारींच्या कारागिराकडून उत्तम कॅमशाफ्ट बसवून घेतलेला, एक्झॉस्ट मात्र मूळचेच ठेवलेले. बोट मोकळ्या पाण्यात सुरेख पळायची. जेटीपाशी रांगेत गुरगुरत उभी राहायची तेव्हा पाणी ओढायची. हंगाम संपायच्या आत एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या बैठका गंजून खड्डे पडले होते. पाणी कुठून आलं हे त्या मालकाला कळेना, कारण ब्लॉकही फुटलेला नव्हता आणि हेडही.

म्हणून क्रम असा ठेवा, की आधी एक्झॉस्ट बदला आणि मगच कॅमशाफ्ट. पाणी धुरात जिथं मिसळतं ती जागा इंजिनापासून जितकी दूर आणि जितकी खाली, तितकं रिव्हर्शन कमी. सीएमआय, गिल, इम्को, स्टेनलेस मरीन या अमेरिकी नावांची उत्पादनं यासाठीच ओळखली जातात. त्यांच्या लांब शेपटीच्या रायझरमध्ये धूर बराच अंतर कोरडा जातो आणि पाणी थेट शेवटी सोडलं जातं. पण कोरडी शेपटी घेताना त्यापुढची रबरी नळी पाण्याशिवाय राहत नाही ना, ते बघा. मरीन एक्झॉस्टची नळीसुद्धा पाण्याविना काही मिनिटांत जळते. प्रत्येक टोकाला स्टेनलेसचे दोन दोन क्लॅम्प लावा.

हेडर, म्हणजे मोकळ्या पाइपांचे मॅनिफोल्ड, कशाचे घ्यावेत? अ‍ॅल्युमिनियम हलकं आहे, गोड्या पाण्याच्या तलावावर छान. आपल्या समुद्रात, खारं पाणीच त्यातून फिरणार असेल, तर मी घेणार नाही. स्टेनलेस घ्यायचं तर ३१६ एल प्रतीचं. ३०४ ला खाऱ्या पाण्यात टाचणीएवढे खड्डे पडतात. स्टेनलेसचे हेडर सुंदर दिसतात, वजन बरंच वाचवतात, पण पातळ पत्र्याचे असल्यानं थरथरीनं वेल्डपाशी तडकतात. त्यांना आधाराचा ब्रॅकेट द्या आणि दर हंगामात पाण्याच्या दाबाखाली तपासा. रोजच्या फेऱ्या मारणाऱ्या बोटीला माझा कौल बिडाच्या ड्राय जॉइंट मॅनिफोल्डलाच.

ट्रान्सममधून, म्हणजे बोटीच्या मागच्या भिंतीतून, थेट बाहेर काढलेला एक्झॉस्ट पंख्यातून जाणाऱ्या एक्झॉस्टपेक्षा मोकळा असतो, आणि फार मोठ्यानं ओरडतो. अमेरिकेत यावर मोजमापाची पद्धत ठरलेली आहे. कित्येक राज्यांत उभ्या बोटीचा आवाज ८८ ते ९० डेसिबलच्या वर आणि किनाऱ्यावरून मोजलेला ७५ च्या वर चालत नाही. एक कळ दाबून धूर पंख्याकडे किंवा ट्रान्सममधून वळवण्याची सोयही तिथं मिळते. थेट एक्झॉस्ट करायचाच असेल तर धूर वळवणारी ही सोय बसवून घ्या आणि खाडीत, कोळीवाड्यासमोर, पहाटेच्या वेळी आवाज पाण्याखाली ठेवा. पाण्यावर आपल्या आधीपासून वावरणारी माणसं तिथं राहतात.

ताकद वाढली की ती पुढे कुठं जाणार याचाही विचार हवा. मर्क्रूझरचा अल्फा वन ड्राइव्ह ३०० अश्वशक्तींच्या आसपासच्या इंजिनांसाठी बनवलेला आहे. त्यावर ४५० चढवल्या तर गिअर दात टाकतील, आणि तेही भर समुद्रात.

मोटारीचे सुटे भाग स्वस्त मिळतात म्हणून बसवू नका. मरीन स्टार्टर, आल्टरनेटर, डिस्ट्रिब्युटर बंद केलेले असतात, ठिणगी बाहेर पडू नये म्हणून. मरीन कार्ब्युरेटर तुंबला तर पेट्रोल बाहेर न सांडता आत सांडतं. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती तळाशी साचते आणि तिथून आपोआप निघून जात नाही. म्हणूनच इंजिन सुरू करण्याआधी चार मिनिटं ब्लोअर चालवायची पद्धत आहे. नाकानं वास घ्यायची सवय त्याहून चांगली. आणि एक्झॉस्टचा सांधा सुटून धूर केबिनमध्ये येत असेल तर त्यात कार्बन मोनॉक्साइड असतो, त्याला वास नसतो. इंजिन चालू असताना मागच्या फळीवर मुलांना बसू देऊ नका, पोहूही देऊ नका. अमेरिकेतल्या लेक पॉवेलवर २००० साली हाऊसबोटीच्या मागे पोहणारे दोन भाऊ याच वायूनं दगावले. त्यानंतर तिथं याची रीतसर चौकशी झाली.

थंडाव्याच्या वाटेतला रबरी इम्पेलर एक हंगाम, फार तर दोन. गाळ असलेल्या मुंबईच्या बंदरात मी दर वर्षी बदलायला सांगतो. कोरडा फिरला तर तो मिनिटाभरात संपतो. तुटलेल्या पाकळ्या मोजा. एक कमी भरली तर ती पुढे कुठंतरी अडकलीय, बहुधा ऑइल कूलरच्या किंवा हीट एक्स्चेंजरच्या तोंडाशी. ती सापडेपर्यंत काम संपलं नाही. समुद्राच्या पाण्यानं थेट थंड होणाऱ्या इंजिनात थर्मोस्टॅट ६० अंशांच्या आसपासचाच ठेवा. जास्त गरम ठेवलं की क्षार आत जमू लागतात. हीट एक्स्चेंजरमधला जस्ताचा पेन्सिल अ‍ॅनोड अर्धा झिजला की बदला.

बोट वर काढल्यावर ड्राइव्हच्या पाणी ओढणाऱ्या भोकांवर नळाला जोडलेल्या रबरी कानपट्ट्या लावून गोड्या पाण्यानं धुणं ही रोजची आंघोळ समजा. इथं एक चूक फार होते. इंजिन बंद झालं तरी नळ चालू राहतो. वाहत राहिलेलं पाणी एक्झॉस्टमध्ये भरतं आणि वाट मिळेल तिकडे जातं. इंजिन बंद झालं की नळ लगेच बंद. तसंच, इंजिन सुरू होत नसताना स्टार्टर मारत राहू नका. प्रत्येक फेरीत पंप पाणी आत ढकलतो, आणि ते बाहेर फेकायला धुराचा जोर नसतो. दोन-चार प्रयत्नांत सुरू झालं नाही तर थांबा, कारण शोधा.

पाणी आत गेलंच तर? इंजिन अडलं तर स्टार्टरनं जबरदस्ती करू नका, कनेक्टिंग रॉड वाकतो. आठही प्लग काढा, इंजिन हातानं फिरवा, मग स्टार्टरनं पाणी बाहेर उडवा. सिलिंडरमध्ये तेल फवारा. वंगणाची डिपस्टिक बघा. तेल दुधाळ चहासारखं झालं असेल तर ते आणि फिल्टर बदला, थोडं चालवून पुन्हा बदला. आणि त्याच दिवशी इंजिन सुरू करून गरम करा. खारं पाणी पोलादावर एक रात्रही फुकट घालवत नाही.

इंधनाबद्दल आपल्याकडच्या मालकांनी वेगळा विचार करायला हवा. २०२५ पासून देशातल्या बहुतेक पंपांवर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं. बहुतेक मरीन इंजिनांच्या कंपन्या १० टक्क्यांपर्यंतच मान्यता देतात. इथेनॉल हवेतली ओल ओढतं. बोटीच्या टाकीची हवेची नळी थेट समुद्राच्या दमट हवेत उघडते. ओल एका मर्यादेपलीकडे गेली की पाणी आणि इथेनॉल मिळून तळाला बसतात आणि इंजिन नेमकं तळातूनच ओढतं. म्हणून १० मायक्रॉनचा, पाणी वेगळं करणारा फिल्टर लावा आणि जुन्या रबरी नळ्या इथेनॉल सहन करणाऱ्या नळ्यांनी बदला. इथेनॉलमुळे मिश्रण पातळ होतं, आणि ताकद वाढवलेल्या इंजिनात पातळ मिश्रण म्हणजे पिस्टनला भोक. कार्ब्युरेटरचं जेट त्यानुसार तपासून घ्या, आणि भरलेलं पेट्रोल काही आठवड्यांत संपवा.

पावसाळ्यासाठी बोट वर काढाल तेव्हा माझ्या मते टाकी पूर्ण रिकामी करावी. अर्धी टाकी चार महिने ठेवणं सगळ्यांत वाईट. इंजिनाचं तेल बोट शेडमध्ये ठेवण्याआधी बदला, पावसाळ्यानंतर नाही, कारण वापरलेल्या तेलातलं आम्ल चारही महिने बेअरिंगवर बसून राहतं. ब्लॉकचे आणि दोन्ही मॅनिफोल्डचे ड्रेन प्लग काढून खारं पाणी पूर्ण सोडा. भोकात तार घालून बघा, कारण गाळ बसला की थेंबही येत नाही आणि आपल्याला वाटतं रिकामं झालं. सिलिंडरमध्ये फॉगिंग तेल मारा. एक्झॉस्टची तोंडं कापडानं बंद करा, नाहीतर दमट वारा चारही महिने त्याच वाटेनं व्हॉल्व्हपर्यंत जात राहतो. तिथं लाल फडकं बांधून ठेवा म्हणजे काढायला विसरणार नाही.

नारळी पौर्णिमेनंतर बोट पुन्हा पाण्यात उतरवाल तेव्हा एक ऑइल पेंटची डबी जवळ ठेवा. दोन्ही रायझरवर ते कुठल्या महिन्यात, कुठल्या वर्षी बसवले ते ठळक लिहा. बोट विकत घेणारा, दुरुस्तीला येणारा, चार वर्षांनी स्वतः तुम्ही, सगळ्यांना इंजिनाचं वय नंतर कळलं तरी चालेल, पण रायझरचं वय आधी कळलं पाहिजे.